खाडीवरची सहल आणि तिथीचे गणित

समजा, थंडीच्या दिवसांत दोन कुटुंबे पेणजवळ धरमतरच्या खाडीवर प्राणी-पक्षी पाहायला गेली. पहिले कुटुंब एका रविवारी सकाळी नऊ वाजता खाडीच्या बांधावर पोहोचले. दुसरे कुटुंब पुढच्या रविवारी, त्याच बांधावर, त्याच वेळी पोहोचले. पहिल्या कुटुंबाला काय दिसले? काठोकाठ भरलेले मातकट पाणी, त्यात गळ्यापर्यंत बुडालेली तिवराची झाडे आणि दूर एखादी घार. अर्धा तास थांबून, डबे खाऊन मंडळी परत फिरली. "तिथे पाहण्यासारखे काही नाही," असा निकालही त्यांनी देऊन टाकला. दुसऱ्या कुटुंबासमोर मात्र दूरपर्यंत उघडा पडलेला चिखल होता. त्या चिखलावर मासे उड्या मारत होते, खेकडे नांग्या हलवत होते, आणि पाण्याच्या कडेने शेकडो पक्षी चोची खुपसत चालले होते.

जागा तीच, ऋतू तोच, घड्याळातली वेळही तीच. मग हा फरक कशाने पडला? अवघ्या सात दिवसांनी! भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. सात दिवसांत ती ७ × ५० = ३५० मिनिटे, म्हणजे जवळजवळ सहा तास पुढे जाते. भरतीपासून ओहोटीपर्यंतचा काळही सुमारे सहा तासांचाच असतो. म्हणून एका रविवारी सकाळी नऊला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी सकाळी नऊला जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार. आपला आठवडा सूर्याच्या घड्याळावर चालतो आणि खाडी चंद्राच्या. सहलीची तारीख रविवार पाहून ठरवणाऱ्याला काय दिसेल, हा केवळ नशिबाचा भाग राहतो.

या लेखात आपण हे नशीब बाजूला सारून सहलीचे गणित मांडू या. त्यासाठी लागणारे साहित्य तुमच्या घरी भिंतीवर टांगलेलेच आहे: तिथी दाखवणारी दिनदर्शिका.

चंद्र मोठा की सूर्य?

भरती-ओहोटी चंद्र व सूर्य या दोघांच्या ओढीमुळे येते. येथे एक प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. सूर्याचे पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षण चंद्राच्या कितीतरी पट अधिक आहे. मग भरतीवर चंद्राचे राज्य कसे? याचे उत्तर असे, की पाण्याला फुगवटा येतो तो नुसत्या ओढीमुळे येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या व दूरच्या बाजूंवरील ओढीत जो फरक असतो, त्याच्यामुळे तो येतो. हा फरक वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. सूर्याचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि त्याचे अंतर सुमारे ३८९ पट. ३८९ चा घन करा. तो ५ कोटी ८९ लाखांच्या आसपास येतो. आता २.७० ला ५.८९ ने भागा. उत्तर सुमारे ०.४६. म्हणजे भरतीच्या कामात चंद्र जर एक रुपयाचे काम करत असेल, तर सूर्य शेहेचाळीस पैशांचे करतो.

अमावास्येला व पौर्णिमेला हे दोघे एका रेषेत येतात आणि त्यांचे काम एकमेकांत मिळते: १ + ०.४६ = १.४६. हेच उधाण. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात आणि एकाचे काम दुसरा कमी करतो: १ – ०.४६ = ०.५४. कोकणात याला भांगाची भरती म्हणतात. या दोन आकड्यांचे गुणोत्तर २.७ येते. प्रत्यक्षात काय आढळते? मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरतीची मोजणी झालेली आहे. तेथे उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरी साडेतीन मीटरांहून थोडा अधिक फरक असतो, आणि भांगाच्या वेळी दीड मीटरांहून थोडा कमी. गुणोत्तर अडीचच्या घरात! वहीतल्या एका भागाकाराला समुद्र इतकी जवळची साक्ष देतो, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते. (सर्वांत मोठे उधाण मात्र नेमके पौर्णिमेला वा अमावास्येला न येता एक-दोन दिवसांनी येते, हे लक्षात ठेवा.)

सहलीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी खूप खाली जाते आणि चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे चढतही नाही आणि उतरतही नाही. तेव्हा पहिला नियम: अष्टमी-नवमीला खाडीवर जाऊ नये.

तिथीची पाऊणपट

आता वेळ काढू. कोकणातले कोळी व नाखवे पिढ्यान्‌पिढ्या एक सोपे सूत्र वापरत आले आहेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध व वद्य, दोन्ही पक्षांना हेच लागू. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणून भरती दुपारी ३ ला व पहाटे ३ च्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास पाणी सर्वांत खाली.

हे सूत्र कोठून आले? चंद्र व सूर्य यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. पूर्ण फेरी ३६० अंशांची. म्हणून महिन्यात ३० तिथ्या. चंद्राच्या या मागे पडण्यामुळे भरती महिन्याभरात बरोबर २४ तास मागे पडते. म्हणून एका तिथीमागे २४ ÷ ३० = ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटे. आपल्या जुन्या कालमापनात २४ मिनिटांची एक घटिका असे. तेव्हा "तिथीमागे दोन घटिका" हा झाला नेमका हिशेब. नाखव्यांनी ४८ च्या जागी ४५ मिनिटे धरली, कारण पाऊणकी तोंडपाठ असे.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणतेही सूत्र त्याच्या टोकाला नेऊन तपासावे. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात भरती दीड तासाने पुढे गेली! समुद्र अशी उडी मारत नाही. प्रत्येक तिथीमागचा तीन मिनिटांचा तुटवडा पंधरवड्यात साचून पाऊण तासाचा झाला, म्हणून ही उडी दिसते. ०.८ ने गुणा: १५ × ०.८ = १२. पौर्णिमेला बाराच्या सुमारास, दुसऱ्या दिवशी बारा अठ्ठेचाळीसच्या सुमारास. हिशेब सांधला गेला.

मग नाखवे चुकले काय? तसेही नाही. उधाणाच्या आगेमागे भरती रोज ४८ मिनिटांपेक्षा कमी मागे पडते आणि भांगाच्या दिवसांत पुष्कळ अधिक. म्हणून पंधरवड्याच्या पहिल्या पाच-सहा तिथ्यांना पाऊणपट चांगली जुळते. अष्टमीनंतर मात्र तुम्ही चार-पंचमांश वापरा. इतके करूनही अर्धा-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. शिवाय दिनदर्शिकेतली तिथी बहुधा सूर्योदयाची असते, ती दिवसा मध्येच बदलते. नेमकी वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो, ती पाहावीत. आधी गणित करावे आणि मग कोष्टक उघडावे, असा माझा आग्रह आहे. उलट क्रमाने केल्यास शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

घरच्या मंडळींना ही वेळ सांगायची तर उपासाचे दिवस फार सोयीचे आहेत. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी: सकाळी नऊ-साडेनऊला ओहोटी. एकादशी: ११ × ०.८ = ८.८, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या सुमारास भरती. पेण तर गणपतीच्या मूर्तींचे गाव. अनंत चतुर्दशीला १४ × ०.८ = ११.२, रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती. म्हणजे संध्याकाळी विसर्जन सुरू होते तेव्हा पाणी नुकतेच चढू लागलेले असते. ही वेळ दर वर्षी जवळजवळ तीच का असते, हे आता कोणालाही सांगता येईल.

एक सावधगिरी. अमावास्येला दुपारी चंद्र डोक्यावर असतो आणि भरतीही दुपारीच असते. यावरून "चंद्र डोक्यावर आला की भरती" असा समज करून घेऊ नका. हा मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापुरता योगायोग आहे. त्याच दिवशी भावनगरला भरती कित्येक तास उशिरा येते. पाण्याला समुद्रतळाच्या उंचसखल मार्गाने वाहत यावे लागते, त्याला वेळ लागतो.

हा उशीर आपल्याला पेणलाही भोवतो. धरमतरची खाडी म्हणजे अंबा नदीचे मुख. भरतीची लाट रेवसच्या बाजूने आत शिरते. उथळ पाण्यात अशा लांब लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो: गुरुत्वत्वरण व खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खोली ५ मीटर धरली तर ९.८ × ५ = ४९, आणि त्याचे वर्गमूळ ७. म्हणजे सेकंदाला ७ मीटर, तासाला सुमारे २५ किलोमीटर. मुखापासून २० किलोमीटर आतल्या जागी लाट पोहोचायला ४८ मिनिटे लागतील. खोली कमी असेल तर आणखी वेळ. तेव्हा समुद्रकिनाऱ्याच्या वेळेत खाडीच्या आतल्या भागासाठी अर्धा-पाऊण तास मिळवा. तुमच्या नेहमीच्या जागेचा नेमका आकडा कोणत्याही कोष्टकात मिळणार नाही, तो तुम्हालाच काढावा लागेल. उघाडीच्या भिंतीवर खडूच्या खुणा करून दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी नोंदवली की एका दिवसात तो हाती येतो.

चिखलावरचा मासा

सहलीला निघताना आमच्या घरात विचारले गेले होते: "सुट्टीच्या दिवशी चिखल काय पाहायचा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर निवटी देते.

निवटी हा वीतभर लांबीचा मासा. खारेपाटातल्या माणसाला तो चांगला ठाऊक असतो, बाजारातही येतो. पण जिवंत निवटी चिखलावर वावरताना पाहणे ही गंमत वेगळीच. पाणी उतरले की ती बिळातून बाहेर येते. डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे उभारलेले. छातीजवळचे पर जमिनीवर टेकवून ती कुबड्यांवर चालावे तशी पुढे सरकते. डोके डावी-उजवीकडे फिरवत चिखलाच्या पृष्ठभागावरील शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते. दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर शिडासारखा उभा करून दटावते, आणि मधूनच हवेत उडी घेते.

पाण्याबाहेर ती श्वास कसा घेते? कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी धरून ठेवते, आणि ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतील अस्तरातून ऑक्सिजन घेते. म्हणूनच ती अधूनमधून डबक्यात लोळून अंग ओले करून घेते. यात तोटा नाही, उलट नफाच आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो; एक लिटर कोमट खाऱ्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ५ मिलिलिटर. चाळीसपटींचा फरक! अडचण आहे ती बिळात. चिखल वरून राखाडी दिसतो, पण बोटभर खणले की काळा निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. निवटीच्या काही जाती तोंडात हवा भरून बिळात नेतात व तेथे साठवतात, असे संशोधकांना आढळले आहे. तिवराचे झाड हीच अडचण दुसऱ्या रीतीने सोडवते. त्याच्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी जी असंख्य टोके वर आलेली दिसतात, ती त्याची श्वसनमुळे.

निवटीच्या शेजारीच लहान खेकड्यांची वसाहत असते. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी मोठी. तो ती सारखी वर-खाली हलवत असतो, मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला धमकावण्यासाठी. लहान नांगीने तो चिखल तोंडात घालतो, त्यातले अन्न काढून घेतो आणि उरलेल्या चिखलाची गोळी करून टाकतो. बिळाभोवती पडलेल्या मोहरीएवढ्या गोळ्या पाहून तो किती वेळ बाहेर आहे याचा अंदाज करता येतो.

हे सर्व पाहण्याची एक रीत आहे. तुम्ही बांधावर पाऊल टाकताच सगळे बिळात जातात. त्या वेळी पाहिले तर चिखल अगदी निर्जीव. आता खाली बसा आणि दहा मिनिटे हलू नका. धाकट्या भावंडांसाठी हीच परीक्षा ठेवा. पहिला खेकडा बाहेर येतो, मग दुसरा, आणि पाहता पाहता चिखल पुन्हा जागा होतो. येथून फार दूर नसलेल्या अलिबाग तालुक्यातील किहीम येथे १९३० मध्ये सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो याच बैठकीच्या बळावर. शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास बसत.

पाणी चढू लागल्यावर

ओहोटीच्या तळाला पक्षी पाण्याच्या कडेला, म्हणजे तुमच्यापासून फार दूर असतात. दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. भरती सुरू झाली की पाण्याची कड तुमच्याकडे सरकते आणि तिच्याबरोबर पक्षीही. पक्षी पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे पूर्ण भरतीपूर्वीचे दोन तास. तुम्ही पक्ष्यांकडे जायचे नाही, पाणीच त्यांना तुमच्याकडे आणून देते.

त्यांच्या चोचींकडे पाहा. चिखल्याची चोच आखूड. तो धावतो, थबकतो, आणि पृष्ठभागावरचे टिपतो. तुतवाराची थोडी लांब. मालगुजाची सरळ व लांबलचक, तो ती मुळापर्यंत खुपसतो. कर्ल्यूची चोच खाली वाकलेली, वीतभर लांब. खोल बिळातला खेकडा तिच्या टप्प्यात येतो. एकाच चिखलाचे असे मजले पडलेले आहेत, आणि प्रत्येक मजल्यावर निराळे भाडेकरू. शेकाट्या आपल्या गुलाबी काटकुळ्या पायांवर पाण्यातच उभा राहतो. यांतले पुष्कळ पक्षी मध्य आशिया व सायबेरियाकडून हिवाळ्यापुरते आलेले असतात. चिखल उघडा असतो तेवढाच त्यांचा जेवणाचा वेळ. म्हणून ते रात्रीही चरतात. टाळ्या वाजवून थवा उडवणारा माणूस त्यांच्या ताटावरून त्यांना उठवतो. मार्चअखेर परतीच्या हजारो किलोमीटरांच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, त्यातून ती वेळ वजा होते.

उजेडाचाही विचार हवा. धरमतरच्या खाडीचा पेणकडील काठ पूर्वेचा. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समोरचे रंग स्वच्छ दिसतात. दुपारनंतर तेथेच उभे राहाल तर पाण्याची चकाकी डोळ्यांत येईल आणि सगळे पक्षी काळे दिसतील. म्हणून दुपारी जागा बदलावी. रोह्याची कुंडलिका नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीत मिळते. तिचे काठ उत्तर व दक्षिण असे आहेत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो. दक्षिण तीरावर, साळावच्या बाजूला, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले तर दुपारीही उजेड पाठीमागून येतो.

आता दोन्ही हिशेब एकत्र करा. संकष्टीच्या किंवा तिच्या आगेमागच्या दिवशी सकाळी आठला पेणच्या खारेपाटात बांधावर. साडेनऊ-दहापर्यंत पूर्ण ओहोटी. निवटी व खेकडे पाहून घ्यावेत. मग पेणहून रोहा, आगगाडीने वा एस.टी.ने, आणि तेथून चणेऱ्याच्या रस्त्याने साळावकडे. दीडच्या सुमारास पोहोचले की भरतीपूर्वीचे दोन तास नेमके हाती येतात. आमच्या घरच्या मंडळींनी हा बेत "संकष्टीची सहल" म्हणून मान्य केला. उपासाचे पदार्थ बरोबर असल्याने जेवणाचाही खोळंबा झाला नाही.

रोह्यात थांबलात तर आणखी एक नवल पाहा. या नदीला दोन प्रकारची भरती येते. खालून समुद्राची, चंद्राच्या वेळापत्रकाने. आणि वरून भिऱ्याच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्याची, माणसाच्या वेळापत्रकाने. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून तेथे वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेत येते. वरच्या पात्रात पाणी अचानक वाढते ते यामुळे. तेथे तिथी पाहून उपयोग नाही, गावकऱ्यांना विचारूनच पात्रात उतरावे. आणि रोह्याच्या पलीकडच्या काठावरील गावाचे नाव काय? अष्टमी! खाडीवर कोणत्या तिथीला जाऊ नये, याची आठवण ठेवायला याहून सोपी खूण नाही.

मुक्काम करणार असाल तर मुरूड व रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य जवळ आहे. जंजिरा संस्थानच्या नवाबाचे हे शिकारीचे रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. शेकरू व धनेश पाहायला तेथे पहाटे जावे. तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

चिखलात उतरू नका

आता धोक्याविषयी. पाणी सहा तासांत चढते, पण सारख्या वेगाने नव्हे. दर्यावर्दींचा ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा भाग करा, सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे चढतात. उधाणाचा चढ ३.६ मीटर धरा. पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटिमीटर वाढते. माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात ते ९० सेंटिमीटर वाढते. चिखलाचा उतार २०० मीटरांत १ मीटर असेल, तर पाण्याची कड त्या तासात १८० मीटर आत येते, म्हणजे मिनिटाला ३ मीटर. कोरड्या जमिनीवर हा वेग काहीच नाही. गुडघाभर चिखलात मात्र पाऊल उचलताना त्याच्याखाली हवा शिरत नाही, पोकळी निर्माण होऊ लागते आणि वातावरणाचा दाब पाय खाली दाबून धरतो. शिवाय पाणी समोरून येण्याआधी तुमच्या मागच्या ओहळांतून शिरलेले असते. म्हणून पाहणे बांधावरूनच. कोणाचा पाय रुतलाच तर सरळ वर ओढू नये. तो हळूहळू हलवत बाजूने पाणी आत जाऊ द्यावे, म्हणजे पकड सुटते.

बांध आणि उघाडी

ज्या बांधावर तुम्ही बसता तोही पाहण्याची वस्तू आहे. पेण-अलिबागच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी खाडीला बांध घालून भातशेती केली. बांधात जागोजागी उघाड्या असतात. उघाडीची झडप खाडीच्या बाजूने बसवलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती आपोआप मिटते. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब अधिक झाला की ती आपोआप उघडते. यंत्र नाही, पहारेकरी नाही. नुसता दाबाचा फरक. पण यातच संकटही आहे. आषाढ-श्रावणात उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले, तर झडप बराच वेळ मिटलेली राहते आणि शेतातले पाणी शेतातच तुंबते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी आत शिरते, आणि ती जमीन पुन्हा पिकायला काही वर्षे जातात. बांधांच्या देखभालीसाठी राज्याने १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा केला. तरीही अनेक ठिकाणी खांडी बुजवल्या गेल्या नाहीत आणि भाताच्या जागी तिवरे उगवली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवने तोडण्यास मनाई केली. तेव्हा शेतकरी म्हणतो, ही माझी शेती होती. आणि निवटी, खेकडे व पक्षी तेथे आधीच राहायला आलेले असतात. हा पेच खरा आहे, दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि तो एका वाक्यात सुटणारा नाही.

ज्याला मात्र काहीच वजन नाही असा तिसराही एक पक्ष आहे. तो भरतीच्या वेळी येतो, किंवा ओहोटीला येऊन दोन मिनिटांत परततो, आणि "ही जागा पडीक आहे, भराव टाकायला हरकत नाही" असे सांगतो. पहिल्या रविवारच्या कुटुंबाचे काही बिघडले नाही, फक्त त्यांची सहल वाया गेली. तोच निकाल कागदावर उतरला की चिखलावर मुरमाचा भराव पडतो. म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते की, शाळेच्या गटाने एकाच जागेची नोंद वर्षभर ठेवावी: तारीख, तिथी, काढलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, दिसलेले प्राणी. "काही दिसले नाही" अशीही नोंद करावी. मात्र त्या वेळी पाणी किती होते, हे लिहिल्याशिवाय नाही.

करून पाहा

१. पुढल्या महिन्यातील चार रविवारांच्या तिथी काढा. यांपैकी कोणत्या रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात पेणच्या बांधावर चिखल उघडा असेल? खाडीसाठी ४५ मिनिटे मिळवायला विसरू नका.

२. दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन करून तो काठीने चिखलावर सरकवा. लगेच खेकडे मोजा; मग दहा मिनिटे स्तब्ध बसून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.

३. तुमच्या एका मित्राने शुद्ध दशमीला सकाळी पावणेनऊला धरमतरच्या खाडीवर जाऊन "येथे एकही निवटी नाही" असे लिहून आणले आहे. त्याला कोणत्या वेळी पुन्हा पाठवाल?